शिवराक

बदलीचा हुकूम हाती पडून मी पुण्याहून गोव्यात दाखल झालो आणि मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावर एका वृद्ध बाईंच्या घरी बिऱ्हाड थाटले, तेव्हा ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या चिमुकल्या राज्यात आपली गणना दुर्मिळ पक्ष्यांत होईल, अशी मला यत्किंचितही कल्पना नव्हती. (चोडणला सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे खरे, परंतु तेथील बगळेही मासेच खातात.)

पहिल्याच सायंकाळी घरमालकीण माईंनी जेवणाविषयी पृच्छा केली, आणि आपण मासे खात नसल्याचे मी अदबीने निवेदन करताच त्यांनी आधी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिले.

“पूण बाबा, आज सोमार न्हय!”

शाकाहाराला कोकणीत ‘शिवराक’ म्हणतात, हे मला त्या दिवशी समजले. आणि शिवराक असणे हा वाराचा किंवा तिथीचा गुण आहे, मनुष्याचा नव्हे, हे समजायला आणखी काही दिवस लागले. सोमवार शिवराक असतो, श्रावण शिवराक असतो. परंतु सातही वार आणि बाराही महिने शिवराक राहणाऱ्या धडधाकट गृहस्थाला एक तर वैद्याने कडक पथ्य सांगितलेले असावे, किंवा त्याच्यावर काही कौटुंबिक आघात तरी झालेला असावा, असा तेथे सर्वसाधारण समज आहे. माईंनी दुसरा पक्ष ग्राह्य धरला आणि पुढचा आठवडाभर त्या माझ्याशी हलक्या आवाजात बोलत राहिल्या.

सोमवारचे त्यांचे खतखते मात्र असे की, त्यासाठी सबंध आठवडा उपाशी राहण्याची माझी तयारी होती. मंगळवारी उपासमारीची तयारी खरोखरच उपयोगी पडे, कारण माझ्यासाठी मुद्दाम निराळ्या केलेल्या भाजीतही माई मूठभर सुकी सुंगटे टाकीत, आणि मी ती बोटाने बाजूला सारू लागलो की, “अरे, तें रुचीक!” असा खुलासा करीत. सुंगटे रुचीपुरती असतील तर त्यांना मासळीच्या सदरात घालण्याचे काही कारण नाही, ही त्या घरची वहिवाट होती, आणि वहिवाटीविरुद्ध दाद मागायची कोणाकडे?

मासळीचा विषय निघाला नाही असे एकही संभाषण मला तेथे ऐकू आल्याचे आठवत नाही. देशावर दोन गृहस्थ भेटले म्हणजे प्रथम प्रकृतीची चौकशी होते. येथे ‘नुस्तें कितें मेळ्ळें?’ अशी होते, आणि उत्तरावरून प्रकृतीचा अंदाज ज्याचा त्याने करायचा असतो. ‘इसवण’ म्हणणाऱ्याचे बरे चालले आहे. ‘तारले’ म्हणणारा महिनाअखेरीस आला आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी असते, ते ६१ दिवस तर राष्ट्रीय दुखवट्याचे म्हणावेत. परंतु माईंसारख्या दूरदर्शी गृहिणी मे महिन्यातच पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तजवीज करून ठेवतात. त्या वर्षी खारे बांगडे आणि माझी पुस्तके एकाच माळ्यावर नांदली. त्यांतील दोन ग्रंथ अद्याप पाहुण्यांसमोर उघडता येत नाहीत.

ऑगस्टात माईंचे गुडघे धरले, आणि पणजीच्या बाजारातून मासळी आणण्याचे काम, कोणत्याही दरख्वास्तीविना, मजकडे आले. न खाणाऱ्याला मोह पडत नाही, सबब तो भावात फसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. महिन्याभरात मी कल्ल्यांची लाली पाहून बांगडा केव्हाचा ते सांगू लागलो, वाट्यातला एक चोरटा शिळा नग चटकन ओळखू लागलो. ज्या पदार्थाची चव मला जन्मात ठाऊक होणार नव्हती, त्याच्या परीक्षेत मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो.

पुढे एका सोमवारी बाजारातून तांबड्या भाजीची जुडी तेवढी पिशवीत घालून मी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढलो. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझ्या पिशवीकडे पाहून रीतसर विचारले,

“नुस्तें कितें मेळ्ळें?”

सोमवार असल्याचे त्यांना सांगावे, आपण कायमचे शिवराक असल्याचे सांगावे, पिशवीच उघडून दाखवावी, असे सर्व विचार माझ्या मनात येऊन गेले. परंतु तोंडातून गेले ते एवढेच:

“बांगडे.”

त्यांनी भाव विचारला. मी शनिवारचा सांगितला.

“फटयलो मरे तुका!” ते कळवळून म्हणाले, आणि बोट चोडणला लागेपर्यंत मला दिलासा देत राहिले.