तात्यांचा डावा पाय

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात कंपनीची एक जाड पुस्तिका असते. तुम्ही-आम्ही तिच्यात पीयूसीचा कागद चुरगळू नये म्हणून ठेवतो. तात्या ती वाचतात, आणि हातात पेन्सिल घेऊन वाचतात. असा एक तरी माणूस तुमच्या सोसायटीत असणारच. मिक्सरची पावती, गीझरचं कार्ड, मेलेल्या टीव्हीचं जिवंत गॅरंटी कार्ड, सगळं त्याच्याकडे तारीखवार लावलेलं असतं. आमचे तात्या सरकारी हिशेब तपासण्यात नोकरी घालवून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्याकडे फाईल, फाईलला टॅग आणि पानांना क्रमांक.

तेवढ्यावर भागलं असतं. पण तात्यांच्या गाडीची क्लच प्लेट 22 हजार किलोमीटरला गेली.

नीट चालवली तर 60-70 हजार किलोमीटर सहज निघतात, त्याहून जास्तही. तात्यांची गाडी मात्र कात्रजच्या जुन्या घाटात नुसती ओरडायला लागली. इंजिन वर जाई, गाडी जाई ना, आणि आत जळका वास. सर्व्हिस सेंटरमधल्या ॲडव्हायझरनं हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला हवं. ते निवांत चालू राहिलं. पोरगा टॅबवर काहीतरी टिपत म्हणाला, "सर, ड्रायव्हिंग हॅबिट. तुमचा डावा पाय क्लचवर राहतो."

त्या दिवसापासून तात्यांचे मधुमेह, नातू आणि महापालिका हे तिन्ही विषय बंद झाले.

त्यांनी तिथेच, काउंटरसमोर, डावी चप्पल काढली आणि पाय पुढे केला. "हा पाय. एकेचाळीस वर्षांचं लायसन आहे याला. हा क्लचवर राहतो?" पोरानं पायाकडे पाहिलं. पायावर त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

मग तो पाय आम्ही सगळ्यांनी पाहिला. जिन्यात पाहिला, सोसायटीच्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत पाहिला. एका लग्नात तर पंगत बसलेली, वाढपी मठ्ठा घेऊन उभा, आणि तात्या वधूच्या मामांना टेबलाखाली वाकून बघायला सांगतायत की क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला जागा असते, तिथे आपला पाय कसा आपोआप जाऊन बसतो. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी दाखला मागितला की या गुडघ्याला पेडल अर्धवट दाबून धरणं शक्यच नाही. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठीही फाईलला लागली, परिशिष्ट क.

मला त्यांनी साक्षीदार नेमलं. नळस्टॉपच्या सिग्नलला, संध्याकाळच्या गर्दीत, मी शेजारच्या सीटवर. "समोर काय बघतोस? पायाकडे बघ!" मी मान खाली घालून पायाकडे बघत बसलो. शेजारच्या रिक्षावाल्यानं काच वाजवून विचारलं, "काकांना गाडी लागते का?"

खरं तर तात्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, आणि मला राग येतो तो याचाच. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट ही झिजणारी मंडळी बहुतेक कंपन्या वॉरंटीतून वगळतात किंवा फार थोड्या किलोमीटरपुरती धरतात. दोष असेल तर कंपनीचा, झीज असेल तर तुमची. पण दोष की झीज हे कळायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तो उतरवायच्या आधी तुमच्याकडून सही घेतात की वॉरंटीत बसलं नाही तर मजुरी तुम्ही द्याल. निकाल कोण देणार? ज्याला दोष निघाला तर त्रास आहे, तोच. ऑइल सील गळून प्लेटवर तेल आलं, प्रेशर प्लेटची स्प्रिंग मुळात कमजोर निघाली, तरीही प्लेट घसरते आणि जळते. त्यात पायाचा काय संबंध? तात्यांनी हे सगळं मुद्देनिहाय लिहून नेलं आणि जुनी प्लेट समोर मागितली.

प्लेट आली. लायनिंग रिव्हेटपर्यंत खाल्लेलं. तेलाचा टिपूस नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग. वर्क्स मॅनेजर म्हणाले, "बघा सर, हीट मार्क."

"उष्णता झाली हे मान्य," तात्या म्हणाले. "ती माझ्या पायातून आली हे कशावरून?"

याला उत्तर नव्हतं. म्हणून मॅनेजरांनी गुडविल काढलं. गुडविल म्हणजे चूक आमची नाही, पण तुम्ही आता घरी जा. पार्ट कंपनीचा, मजुरी तुमची. तात्यांनी ते झिडकारलं आणि ग्राहक आयोगाची तयारी सुरू केली. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात, हे त्यांनी मला जणू घरचं कार्य असावं तसं सांगितलं. 2019 चा कायदा त्यांना तोंडपाठ. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, आणि कलम 38 खाली आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. प्लेट प्रयोगशाळेत जाणार या कल्पनेनं ते तरुण दिसायला लागले. पायही पाठवता येईल का, हे त्यांनी वकिलांना विचारलं असावं असा माझा संशय आहे.

शपथपत्र माझ्या घरी छापलं, कारण प्रिंटर माझा. वकिलांनी शेवटी एक ओळ वाढवून दिली होती, 'सदर वाहन तक्रारदार स्वतः चालवतात, अन्य कोणीही चालवत नाही.' तात्यांनी ती ओळ वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग फाईलचा टॅग बांधला आणि म्हणाले, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडविल घेतलं आणि मजुरी भरली.

तळजाईच्या चढावर रविवारी सकाळी लाल एल लावलेली एक गाडी दिसते. फिरायला जाणारे तिला लांबून वळसा घालतात. वॉचमनचा थोरला, जो आता शाळेची बस चालवतो, तो त्या गाडीवर शिकला. बी विंगमधल्या वहिनी, यजमान गेल्यावर, पन्नाशी उलटून, तिच्यावरच शिकल्या. माझी मुलगीही. चढावर गाडी मागे यायला लागली की ही सगळी मंडळी हाफ क्लचवर लटकून राहायची, इंजिन किंचाळायचं, आणि शेजारून तात्या म्हणायचे, "घाई नाही. वास येऊ दे, वासानं काही होत नाही."

ॲडव्हायझर पोरगा शंभर टक्के बरोबर होता. फक्त पाय चुकला होता. आणि तात्या इतके महिने जे बोलले ते हिशेब तपासणीसाच्या भाषेत बोलले. माझा डावा पाय, माझा डावा पाय. क्लचवर कुणाचाच पाय नव्हता असं ते एकदाही, पंगतीतसुद्धा, म्हणाले नव्हते. कंपनीला शब्दांत पकडायला त्यांची हरकत नव्हती, पण खोट्यावर सही त्यांच्यानं झाली नाही. आणि खरं लिहायचं तर त्या सगळ्यांची नावं घालावी लागली असती.

"निदान त्यांना तरी सांगायचं," मी म्हटलं.

"काय सांगू? पुढच्या वेळी चढ बघूनच घाबरतील."

सध्या इस्त्रीवाल्या मावशींची मुलगी शिकते आहे. परवा जिन्यात तात्या भेटले. "नवी प्लेट आत्ताच जरा घसरतेय असं वाटतं रे," म्हणाले. "कंपनीला मेल टाकतो. पण एक सांगून ठेवतो, हा पाय..." आणि चप्पल काढायला कठड्याला धरून उभे राहिले.