साहेबांचा उजवा हात

"काय हो काकू, सूनबाई अजून तालुक्यालाच जाऊन-येऊन? बदलीची ऑर्डर तर मे महिन्यातच आली होती ना?"

"ऑर्डर आली हो, पण साहेब सोडतील तर! कार्यमुक्तच करत नाहीत. म्हणे, पर्यायी माणूस हजर झाला की सोडतो. तिथे हजर व्हायला येतंय कोण? त्या टेबलाची ख्याती जिल्हाभर झालीय."

काकू स्वतः महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. सासूने सुनेचं गाऱ्हाणं इतक्या पोटतिडकीने मांडणं आमच्या गल्लीत तरी नवलच. दोडक्याचा वेल बांधायचं निमित्त करून मी कुंपणापाशी सरकले.

"एवढं काय आहे त्या टेबलावर?"

"एक टेबल कुठलं, तीन आहेत. एक तिचं, दुसरं आस्थापनेचं, कारण तिथले भाऊसाहेब रिटायर झाले आणि जागा भरली नाही. आणि तिसरं साहेबांच्या उजव्या हाताचं. तो पावणेदहाला येतो, अंगठा लावतो आणि गायब. साहेबांच्या गाडीचं सर्व्हिसिंग, मुलीच्या ॲडमिशनचे कागद, कुत्र्याची इंजेक्शनं. त्याच्या फाइली हिच्याकडे. का, तर 'मॅडम, तुमच्या कामात चूक नसते.' न चुकण्याची शिक्षा बघा!"

"पैसेबिसे खातो का?"

"तिथेच तर पंचाईत आहे. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितो. खात असता तर 1064 ला फोन लावला असता, अँटी करप्शनवाले आले असते. आता काय सांगणार, साहेबांचं कुत्रं दवाखान्यात नेतो म्हणून? आपल्याकडे पैसे खाल्ले नाहीत की माणूस प्रामाणिक ठरतो. पगार सरकारचा आणि दिवस साहेबांचा, याची फिर्याद कुठे नोंदवायची?"

"पण गोपनीय अहवाल असतो ना तुमच्यात? त्यात कळत नाही कोण काम करतं ते?"

काकू अशा हसल्या की त्यांची मांजर दचकून उठली.

"अहो, देव दत्त नावाचा एक अधिकारी होता. अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला म्हणून त्याची बढती हुकली, कारण हवा होता 'अत्यंत चांगला'. आणि तो शेरा त्याला कळवलाच नव्हता. 2008 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवायचा. न्यायाचंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण मग साहेबलोकांनी विचार केला, वाईट लिहा, दाखवा, त्याचं अपील ऐका, संघटनेचं शिष्टमंडळ झेला, एवढा उपद्व्याप करतो कोण? दोघांनाही छान छान लिहून मोकळे. कागदावर ही आणि तो सारखेच."

"साहेबांचीही अडचण असेल हो काहीतरी," मी आपलं म्हणून पाहिलं.

"आहे ना. पगार वाढवणं त्यांच्या हातात नाही, चौकशीशिवाय काढायचं म्हटलं तर घटनेचं 311 कलम आडवं. हातात काय, तर रजा मंजूर करणं आणि टेबल वाटणं. त्याच दोन गोष्टी माणूस नीट वाटतो की नाही, तिथेच कळतं पाणी. मी नोकरीला लागले तेव्हा नगरला कलेक्टर होते लखिना साहेब. वर्षानुवर्षांचं दप्तर बाहेर काढून लावायला लावलं त्यांनी. तक्रार केली आम्ही, धुळीने खोकलो. शिवाय सहा गठ्ठ्यांची पद्धत, प्रलंबित वेगळे, प्रतीक्षाधीन वेगळे. पण गठ्ठे लावले की कोणाच्या टेबलावर किती काम पडलंय ते येणाऱ्याजाणाऱ्यालाही दिसायचं. उजवा हात, डावा हात असलं काही लपायचं नाही."

"आता तर केवढे कायदे झालेत."

"झालेत की. 2005 चा बदल्यांचा कायदा, तीन वर्षांचा कार्यकाळ. त्याच कायद्यात आहे, नस्ती सात कामाच्या दिवसांवर एका टेबलावर ठेवायची नाही. मग काय करतात? सातव्या दिवशी 'त्रुटी पूर्तता करावी' असा शेरा मारून परत. 2015 चा सेवा हक्काचा कायदा आला, दाखला वेळेत दिला नाही तर पाचशे ते पाच हजार दंड. चांगलाच आहे, लोकांचे हेलपाटे वाचतात. पण तीन जणांचं काम एकीवर टाकलं तर दंड कोणाला बसेल, सांगा बरं?"

मी काही सांगितलं नाही. दोडका बांधून झाला होता, तो सोडून पुन्हा बांधायला घेतला.

"मग आता करणार काय सूनबाई?"

"लेखी अर्ज दिलाय, मला कार्यमुक्त करा म्हणून. साहेबांनी लगेच शेरा मारला, 'नियमानुसार टिपणी सादर करा.' आता टिपणी ठेवायची आस्थापनेने. आणि आस्थापनेचं टेबल कोणाकडे?"

"अगंबाई! म्हणजे तिच्याचकडे?"

"तर! मी म्हटलं, ठेव चार ओळींची टिपणी आणि सूट. तर म्हणते, 'आई, स्वतःच्या अर्जावर स्वतःच टिपणी कशी ठेवू? बरं दिसत नाही ते.' तसं लिहून दिलं साहेबांना, दुसऱ्या कोणाला तरी सांगा म्हणून. साहेबांनी सांगितलं उजव्या हाताला. तो रजेवर."

"आणि ते सात दिवस?"

"उद्या भरतायत. उशिराबद्दल मेमो निघेल तो आस्थापनेच्याच नावे."

"म्हणजे पुन्हा…"

"टाइप पण तिलाच करायचाय."