स्कोपराव

स्कोपरावांना कायोटी मारायचा आहे. हे ते इतकी वर्षं सांगताहेत की पंचक्रोशीतल्या कायोटींच्याही कानावर गेलं असणार. रायफल तयार आहे. ती ठेवायला पोलादी कपाट आहे. वाळल्या गवतात मिसळून जाणारा एक पोशाख आणि बर्फात मिसळून जाणारा दुसरा, असे दोन जोड कडक इस्त्रीत टांगलेले आहेत. सशाच्या किंकाळ्या वाजवणारा रिमोटवरचा भोंगा आहे. कॅन्सस राज्याचा शिकारीचा परवाना दरवर्षी न चुकता काढला जातो. घोडं अडलंय ते स्कोपपाशी, म्हणजे रायफलच्या पाठीवर बसवायच्या दुर्बिणीपाशी. ती काही ठरत नाही.

स्कोपराव हे नाव आम्हा कॅन्ससमधल्या विचिटा शहरातल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. विचिटात विमानं बनतात, त्यामुळे आमच्यासारखे इंजिनियर इथे येऊन पडतात, आणि स्कोपरावही बहुधा अशाच एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेले असतात. ‘बहुधा’ अशासाठी की ते एक नाहीत. नेब्रास्कात आहेत, ओक्लाहोमात आहेत, टेक्सासात तर पैशाला पासरी. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, आवाज मोठा, मन मोकळं, पिकअप ट्रक चकचकीत. डोक्यावरच्या टोपीवर एका नामांकित स्कोपकंपनीचं चिन्ह. टोपी त्यांनी विकत घेतली. त्या कंपनीचा स्कोप मात्र कडेला जरासा धूसर दिसतो म्हणून नाकारला.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो प्राणी आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा किरकोळ. वजन दहा ते अठरा किलो, आणि त्याहून जास्त दिसतो तो नुसता केसांचा फुगारा. ससे, उंदीर, मेलेलं जनावर, कोकरू, नवजात वासरू, शेजाऱ्यांचं मांजर, त्याला काहीही चालतं. टेक्सासात शेतात टरबुजं लागली असतील तर तीही फोडून खातो. कोल्हा काकडीला राजी ही म्हण ज्याने केली त्याने टेक्सास पाहिलं नव्हतं, पण माणूस अभ्यासू होता. गुरंवाल्यांचा आणि मेंढरंवाल्यांचा या जनावरावर राग आहे तो यामुळेच. कॅन्ससमध्ये कायोटीची शिकार बारा महिने खुली असते आणि किती मारावेत यालाही मर्यादा नाही. शिवाय केंद्रीय कृषी खात्याची वन्यप्राणी शाखा देशभरात वर्षाला पन्नास हजारांच्या वर कायोटी मारते. एवढं होऊनही हा पठ्ठ्या, जो एके काळी पश्चिमेकडच्या माळरानांपुरता होता, तो आता हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोचलाय. शिकागोसारख्या शहरात भर वस्तीत पिलं वाढवतो. मारावा की मारू नये यावर अमेरिकेत मोठा वाद आहे. स्कोपरावांमुळे आमच्या भागात तरी तो तातडीचा राहिलेला नाही.

आता स्कोपचं गणित. स्कोपवर ‘तीन ते नऊ, चाळीस’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत मोठं दाखवणार आणि पुढची काच चाळीस मिलीमीटरची. अमेरिकेतली हरणं दोन पिढ्या याच मापाने मेली. स्कोपरावांना ते बाळबोध वाटतं. त्यांना हवा ‘पाच ते पंचवीस, छप्पन्न’. रायफलवर किलोभर ओझं वाढेल, काच मोठी म्हणून स्कोप उंच बसवावा लागेल, मग गाल दस्त्यावरून उचलून मान लांबवावी लागेल, सगळं कबूल. कारण पुढची काच मोठी म्हणजे उजेड जास्त, आणि कायोटी यायचा तो पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला.

हे ते कॉफीच्या दुकानात कागदी रुमालावर सिद्ध करून दाखवतात. काचेच्या मापाला पटीने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या चकतीचा व्यास मिळतो. आठ पटीवर ठेवला तर छप्पन्न भागिले आठ, सात मिलीमीटर. खाली दोन रेघा. अंधारात माणसाची बाहुली सात मिलीमीटर उघडते, म्हणजे उजेडाचा कण वाया जाणार नाही. फक्त सात मिलीमीटर बाहुली उघडते ती विशीतल्या पोराची. साठीला ती पाचाच्या आसपास येऊन थांबते. म्हणजे दोनतीन हजार डॉलर मोजून स्कोपराव जो उजेड गोळा करणार, त्यातला निम्मा त्यांच्या डोळ्यात न शिरता बुबुळावरच सांडणार. मी हे एकदा बोलून पाहिलं. ते क्षणभर रुमालाकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, लॉटरी लागली.

“म्हणजे पन्नासची काच!” ते म्हणाले. “बडी, सगळं पहिल्यापासून बघावं लागणार!”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला मदत करता येणार नाही आणि करूही नये.

आपल्याकडे पूर्वी काही उपवर चिरंजीव वर्षानुवर्षं मुली पाहत हिंडायचे. पोहे खायचे, नाकात खोट काढायची आणि पुढच्या रविवारी पुढच्या गावी. स्कोपरावांचं तसं चाललंय. ऑस्ट्रियातला स्वारोव्हस्की बघितला. काच अशी की वाटावं मधे काही नाहीच, पण त्या किमतीत जुनी मोटार येते. व्हॉर्टेक्सवाले विस्कॉन्सिनचे. कसाही मोडा, कुणीही मोडा, पावती असो नसो, दुरुस्त करून देऊ म्हणतात. “एवढी हमी देतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.” निकॉनवर जवळजवळ शिक्कामोर्तब झालं होतं. तेवढ्यात त्या कंपनीने २०२०च्या सुमारास रायफलचे स्कोप बनवणंच सोडून दिलं. वाट बघून थकले असतील.

लुपोल्डबद्दल मात्र स्कोपराव आदराने बोलतात. ऑरेगनमधली ही कंपनी मुळात जमीनमोजणीची यंत्रं बनवायची. घराण्यातले मार्कस लुपोल्ड हरणाच्या शिकारीला गेले असता ऐन वेळी स्कोपवर आतून धुकं धरलं आणि हरीण निघून गेलं, अशी कंपनीची कथा आहे. चिडून त्यांनी स्वतःच स्कोप बनवायला घेतला, नळीत नायट्रोजन भरून ती बंद केली, म्हणजे दमट हवा आत शिरायलाच नको. १९४७ साली तो बाजारात आला. स्कोपराव ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतात आणि तिचं तात्पर्य काढतात की वाईट स्कोप घेऊन जंगलात जाऊ नये. मार्कस लुपोल्डना आधी जंगलात जावं लागलं होतं, हा भाग त्यांच्या नजरेतून सुटतो.

दुकानातले स्कोपराव बघण्यासारखे. शिकारसामानाचं हे दुकान आपल्याकडच्या मंगल कार्यालयाएवढं असतं, मधोमध पेंढा भरलेल्या अस्वलांचा आणि रानबकऱ्यांचा डोंगर. काउंटरवरचा पोरगा त्यांना बघताच काचेच्या कपाटाची किल्ली काढतो. विचारत नाही. स्कोपराव एकेक नळी हातात घेऊन दारापर्यंत जातात आणि वाहनतळावरच्या लांबच्या मोटारींच्या नंबरपाट्या वाचतात. “ओक्लाहोमा... सात, चार, बी... की आठ?” भर दुपारी दोन वाजता, कॅन्ससच्या उन्हात. त्या उन्हात शंभर डॉलरचा स्कोपही लखलखीत दिसतो. खरा फरक कळतो तो सूर्य बुडाल्यावरच्या शेवटच्या वीस मिनिटांत, पण तेव्हा स्कोपराव घरी जेवायला बसलेले असतात. इथल्या लोकांची जेवणं साडेपाचला होतात.

मग पोराशी चर्चा. मिनिट घ्यायचा की मिल? नेमबाजीत कोन मोजायची ही दोन मापं. एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच, एक मिल म्हणजे तितक्याच अंतरावर ३.६ इंच. ज्या देशाने किलो, किलोमीटर आणि सेल्सियस तिघांनाही वेशीवरून परत पाठवलं, तिथल्या या कट्टर देशभक्ताला मनातून दशांशाचं मिल आवडतं, आणि त्याची त्याला लाजही वाटते. त्यानंतर आतल्या फुलीचा प्रश्न. पट वाढवली की फुलीही वाढणारी हवी, की एका मापाची राहणारी? वाढणाऱ्या फुलीने कुठल्याही पटीवर अंतराचा हिशोब बरोबर येतो, म्हणून स्कोपरावांना तीच हवी. पण अशा बऱ्याच स्कोपांत कमी पटीवर ती फुली कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक होते, आणि संधिप्रकाशात, तपकिरी गवतावर, तपकिरी कायोटीच्या अंगावर ती शोधणं म्हणजे आणखी एक शिकार.

गंमत अशी की कायोटी हा स्कोपकडून फार थोडं मागणारा प्राणी आहे. त्याला भोंग्याने बोलावतात. ससा संकटात सापडलाय असं वाटून तो धावत येतो, पुष्कळदा शंभर यार्डांच्या आत. अशा वेळी पट कमी आणि दिसणारी जागा रुंद असावी लागते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. स्कोपरावांना त्यांच्या मेव्हण्याचा ‘पाच ते पंचवीस’ चाचणीसाठी उसना मिळाला तेव्हा त्यांनी मलाही नेलं होतं.

जानेवारीतली पहाट, समोरून बोचरा वारा. वारा समोरून असला की पुढून येणाऱ्या कायोटीला आपला वास लागत नाही. आम्ही कुंपणाच्या खांबाला टेकून बसलो. चाळीस यार्डांवर भोंगा, आणि त्यातून सशाचा असा आक्रोश की माझाच जीव कासावीस. स्कोपराव पंचवीस पटीवर लांबच्या टेकडीवरची पवनचक्की बघत होते, पात्यावरचे रिव्हेट दिसतात का म्हणून. तेवढ्यात डावीकडच्या ओहोळातून कायोटी वर आला आणि सरळ भोंग्यापाशी येऊन उभा राहिला. मी कोपराने ढोसलं. त्यांनी रायफल वळवली. चाळीस यार्डांवर पंचवीस पटीने जेमतेम दोन फूट जागा दिसते. कायोटी त्याहून लांब असतो.

“केस दिसताहेत,” ते कुजबुजले. “नुसते केस.”

“पट कमी करा!”

“पण काय स्पष्ट दिसताहेत! एकेक वेगळा!”

कायोटीने भोंगा हुंगला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि आला तसा गेला. परतताना गाडीभर स्कोपराव त्या केसांबद्दल बोलत होते. मुळाशी राखाडी, मधे पिवळट, टोकाला काळा. इतका समाधानी शिकारी मी पाहिलेला नाही.

जमीन ज्यांची होती ते गुरंवाले आजोबा फाटकाशी भेटले. त्यांच्या ट्रकमध्ये सीटमागे एक टू-ट्वेंटी-थ्री रायफल, वर चार पटीचा जुना स्कोप, पट बदलायची सोयच नाही. दोनशे यार्डांवर नेम बसवलेला. “शंभरावर गोळी दीडदोन इंच वर जाते, तीनशेवर सातआठ इंच खाली. त्याच्यापुढचा कायोटी देवाचा.” एवढंच त्यांचं शास्त्र. स्कोपरावांनी कंपनी विचारली. आजोबांनी अंगठ्याने चिखल खरवडला, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “पुसलं गेलंय.”

हल्ली स्कोपरावांच्या डोक्यात थर्मलचं खूळ शिरलंय. उष्णता बघणारा स्कोप, मिट्ट काळोखात जनावर पांढरं चमकतं. किंमत दोनपाच हजार डॉलर सहज, आणि रात्रीच्या शिकारीचे नियम राज्याराज्यांत वेगळे. शिवाय काळोखात वासरूही पांढरं, रॅकूनही पांढरा आणि शेजाऱ्याचा कुत्राही पांढरा. चित्रात ३८४ ठिपके आडवे हवेत की ६४०, यावर स्कोपरावांचा अभ्यास सुरू झालाय. पुढच्या वर्षी भाव उतरतील असं त्यांना खात्रीलायक कळलंय. ते उतरतीलही, आणि तेव्हा त्याहून चांगला काहीतरी आलेला असेल.

त्यांच्या बाईसाहेब सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेत उभ्या असतात. पाखरांसाठी टांगलेले दाणे खाली सांडतात, त्यावर उंदीर येतात, आणि उंदरांवर एक कायोटी येतो, जवळजवळ रोज. बाई तो नुसत्या डोळ्यांनी बघतात. “हनी, आला बघ,” म्हणून हाकही मारतात. गावाच्या हद्दीत गोळी झाडता येत नाही, म्हणून स्कोपराव तेवढ्यापुरता कागदावरून डोळा उचलून तो किती यार्डांवर आहे याचा अंदाज घेतात आणि पुन्हा खाली बघतात.

तुमच्यापैकी कुणी अमेरिकेत असेल आणि खरोखरच असा स्कोप घ्यायचा असेल, तर साधा तीन ते नऊ, चाळीस घ्या. दुकानदार ऐकत असेल तर सूर्य बुडताना बाहेर नेऊन बघा. रायफलवर चढवला की पट तीनवर ठेवा आणि गरज पडेपर्यंत तिला हात लावू नका. आणि हे मी सांगितलं असं स्कोपरावांना कळू देऊ नका. ते कागदी रुमाल घेऊन माझ्या घरी येतील.