नोहा, रामकुंडमार्गे

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी आलेल्या नव्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली एक चौकट आहे आणि चौकटीवर ठळक अक्षरांत छापलंय, 'गोष्ट सांगू नका, मुलांना करू द्या!' हे लिहिणारा माणूस लिहिताना मुलांपासून बराच लांब बसलेला असावा. नोहाच्या तारवाच्या धड्याखाली तर अशी सूचना आहे: 'लहान मुलांना पूर म्हणजे काय याची कल्पना नसते. परातीत पाणी ओतून दाखवावे.'

नाशिकच्या मुलांना! ज्यांच्या घरी ऑगस्टात चहाच्या आधी गंगापूर धरणाचा विसर्ग विचारला जातो, त्यांना म्हणे मी परातीत पूर दाखवायचा.

तरी परात नेली, कारण पाळकसाहेबांनी पुस्तकाचे पैसे भरले होते. नोहा सहाशे वर्षांचा होता, देवाने त्याला तारू बांधायला सांगितलं, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडला, इथवर येऊन मी तांब्या तिरका केला, तोच पंचवटीतल्या एका मुलीने हात वर केला.

"टीचर, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं होतं?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. रामकुंडाजवळ गोदेच्या काठी दोन तोंडांचा उंच मारुती उभा आहे. पाटबंधारे खातं क्युसेकचे आकडे देत बसो, नाशिककर पूर मोजतात तो मारुतीच्या अंगावर. गुडघ्याला पाणी म्हणजे बघायला जायचं. कमरेला म्हणजे भांडीबाजारातल्यांनी माल वरच्या फळीवर चढवायचा. छातीला लागलं की सराफबाजारात धावपळ, आणि त्याहून वर गेलं की ते साल जन्मभर बोलण्यात राहतं: १९६९, २००८, २०१९. मारुती अपुरा पडला तर जवळच नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे. तिला पाणी टेकलं की महापूर. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्यानंतर ही घंटा तिथून आणली असं सांगतात. आमचे आजेसासरे ख्रिस्ती समाजाच्या कुठल्याही बैठकीत हे ऐकवायचेच. "कितीही मारुती बांधा," ते म्हणायचे, "शेवटची खूण आपल्याच घंटेची!"

तर मुलीला उत्तर देणं भाग होतं. उत्पत्तीच्या सातव्या अध्यायात पाणी डोंगरांच्याही वर पंधरा हात चढल्याचं आहे, तेच मी सांगितलं.

"ब्रह्मगिरीच्या वर?"

"हो."

"म्हणजे पांडवलेणी गेली?"

"गेली."

वर्ग क्षणभर गंभीर झाला. मग मागच्या बाकावरून एक जण, वय वर्षे सहा, हाताची घडी घालून म्हणाला, "पण पाणी आधीपासून थोडं थोडं सोडायला पाहिजे होतं." हे वाक्य त्याच्या आजोबांचं आहे. नाशिकमधल्या सगळ्यांच्याच आजोबांचं आहे. देवाच्या बाबतीत ते प्रथमच वापरलं गेलं असावं.

परात बाजूला ठेवली आणि दुसरी कृती काढली: 'तारवाचे माप घ्या.' तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. मोठ्या माणसाचा हात दीड फूट धरला तर लांबी साडेचारशे फूट होते. पण पुस्तकाच्या मते मुलांनी स्वतःच्या हातांनी मोजायचं, आणि बालवर्गाचा हात कोपरापासून बोटापर्यंत जेमतेम फूटभर. म्हणजे मोजायला सुरुवात करण्याआधीच तारवाचा एक तृतीयांश भाग कापला गेला. एवढी कपात महापालिकासुद्धा अंदाजपत्रकात करत नाही. तरीही ते आवारात मावेना. मुलं जमिनीवर हात टेकत टेकत फाटकाबाहेर गेली आणि रिक्षास्टँडपाशी पोहोचली. एका रिक्षावाल्याने घाबरून विचारलं, "बाई, रस्तारुंदी आहे का?" तारवाचं माप घेतोय म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने रिक्षा आपणहून मागे घेतली.

शरणपूर भागात ही गोष्ट सांगताना मला नेहमी आणखी एक वर्ग आठवतो, जो मी पाहिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वस्ती वसवली, तेव्हा गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथल्या शाळेत होती. त्यांतला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन थेट लंडनला गेला. १८७४ च्या एप्रिलात वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या दफनाला तो हजर होता. त्या मुलांनाही कुणीतरी तारवाची गोष्ट सांगितली असणार. जहाजाच्या पोटात जोडीजोडीने भरलेले जीव कसे असतात, हे परातीतून दाखवायची गरज तिथे तरी पडली नसेल.

आमच्याकडे जोड्या जमवणं ही तिसरी कृती, आणि सर्वांत महाग पडलेली. पुस्तकात मुखवटे थर्मोकोलचे करायला सांगितलेत. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे हे छापणाऱ्याच्या गावी नाही. आम्ही द्राक्षांचे रिकामे खोके कापले. प्राणी वाटायला घेतले तर हत्ती पडून, उंट पडून, मेंढराकडे तर कुणी बघेना. निम्म्या वर्गाला बिबट्या व्हायचं होतं. सिंह-वाघ यांनी चित्रात पाहिलेत, पण बिबट्या कॉलनीच्या सीसीटीव्हीत पाहिलाय. जोडीचा नियम मोडून तारवाच्या दाराशी सात बिबटे उभे राहिले आणि शेळी झालेली मुलगी रडायला लागली. तिला मी समजावलं, की तारवात कुणी कुणाला खात नाही. ती हुंदके देत म्हणाली, "मग वनखातं पिंजऱ्यात शेळी का बांधतं?"

कृतींतून मुलं शिकतात हे मला मान्य आहे. पण काय शिकतात, ते आधी चौकटीत छापू नये. फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, कात्री-फेव्हिकॉलशिवाय, नुसत्या ओव्यांवर. त्याच्याकडे सूचना नव्हत्या, समोर गोव्यातली माणसं होती. त्यांना पुराण ऐकायची सवय, म्हणून त्याने पुराण केलं. आमच्या पुस्तकाच्या लेखकाने निदान एकदा रामकुंडावर उभं राहायला हवं होतं.

कारण कावळ्याचा प्रश्न त्याला तिथेच सुटला असता. पाणी ओसरलं का हे बघायला नोहाने आधी कावळा सोडला आणि तो इकडेतिकडे फिरत राहिला. का फिरत राहिला, यावर चौकटीत 'मुलांशी चर्चा करा' एवढंच आहे. आमच्याकडे चर्चा अर्ध्या मिनिटात संपली. "पिंड दिसला असेल, टीचर." सगळ्यांना पटलं. मलाही इतक्या वर्षांत याहून चांगलं स्पष्टीकरण मिळालेलं नाही. कबुतर मात्र जैतुनाचं पान घेऊन आलं. जैतून कुणी पाहिलेलं नव्हतं, पेरूच्या पानावर भागवलं.

इथे इंद्रधनुष्य काढायचं, बिस्किटं वाटायची आणि धडा संपवायचा असं पुस्तक म्हणतं. पण दिंडोरीकडचा एक मुलगा घरून पुढचं वाचून आला होता. जमिनीवर उतरल्यावर नोहाने पहिलं काम काय केलं? तर द्राक्षाचा मळा लावला!

वर्गात जो उत्साह उसळला तो तारवालासुद्धा मिळाला नव्हता. नोहा आपल्यातला निघाला. थॉमसन लावली की सोनाका? ऑक्टोबर छाटणी जमली का? एवढ्या ओलीत डावणी कशी नाही आली? दिंडोरीकराने फवारणीचं वेळापत्रक सांगायला सुरुवात केली आणि मी घाईघाईने बिस्किटांचा पुडा फोडला, कारण पुढच्या ओळीत नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत पडतो, तेही अंगावर कपडे नसताना, आणि दारात आया येऊन उभ्या होत्या.

पुढच्या रविवारी काना गावचं लग्न आहे. दगडाचे सहा रांजण, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी, त्याचा द्राक्षारस. कृती: 'पाण्यात रंग मिसळून दाखवा.' मी रंग आणलाय. पण दिंडोरीकराने जाता जाता विचारून ठेवलंय, एवढ्या मालाला एक्साइजचं लायसन्स कुणाच्या नावावर होतं?