चालतंबोलतं ग्रंथालय

एखाद्या विद्वानाला पूर्वी चालतंबोलतं ग्रंथालय म्हणत, ते कौतुकाने आणि अलंकार म्हणून. मुंबई–पुणे गाडीत हल्ली हा अलंकार अक्षरशः खरा करणारे गृहस्थ भेटतात. वय चाळीस ते साठ, खांद्याला सॅक, आणि सॅकच्या पुढच्या कप्प्यात चामडी कव्हरातलं दोनशे ग्रॅमचं वाचनयंत्र. कव्हर दिसतं विमा कंपनीच्या डायरीसारखं. शिवाय आजकाल टीसींच्या हातातही यंत्रच असतं, त्यामुळे समोरचा भाबडा प्रवासी गडबडीने तिकीट पुढे करतो. गृहस्थ हसतात, "अहो, किंडल आहे हे," म्हणतात, आणि दादरला जे सुरू होतं ते कल्याण गेलं तरी थांबत नाही. हे ग्रंथालय चालतं रेल्वेच्या जिवावर. बोलतं मात्र स्वतःच्या. ते इतकं का बोलतं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यात गृहस्थांचा दोष कमी, यंत्राचा जास्त, असं माझं मत आहे. यंत्राने त्यांचं मुखपृष्ठ काढून घेतलं. उरलं ते मुख.

छापील पुस्तक प्रवासात दोन कामं करतं. आतली बाजू वाचणाऱ्यासाठी असते, बाहेरची समोरच्या बाकासाठी. एखादं जाडजूड चरित्र छातीशी उभं धरलं की एक शब्द न बोलता अख्ख्या डब्याला कळतं, हा माणूस साधासुधा नाही. बाविसाव्या पानात बोट घालून लोणावळ्यापर्यंत झोपलं तरी मुखपृष्ठ आपली नोकरी इमानाने करत राहतं. २००७ साली किंडल बाजारात आणताना जेफ बेझोस यांनी मांडलेला विचार असा होता की वाचता वाचता पुस्तक हातातून नाहीसं होतं, हाच त्याचा मोठा गुण, आणि यंत्रालाही तो साधला पाहिजे. विचार उत्तम, पण खोलीत एकट्याने वाचणाऱ्याचा. डब्यात पुस्तक नाहीसं होतं ते वाचणाऱ्यापुरतं. समोरच्याला ते लख्ख दिसत असतं. यंत्राने ते समोरच्यापुरतंही नाहीसं करून टाकलं. नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी उघडा नाहीतर खुनाची गोष्ट, मागून दिसणार तीच काळी पाठ, पाटीसारखी कोरी. मग पाटीवर जे लिहिलेलं नाही ते तोंडाने वाचून दाखवण्यावाचून गृहस्थांपुढे इलाज काय?

त्यांच्या बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी वजन, मग बॅटरी, मग शाई. हा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांवर उजेड फेकत नाही. त्यात केसाच्या जाडीच्या कुप्या असतात, कुप्यांत पांढरे आणि काळे कण असतात, आणि विजेच्या इशाऱ्यावर कधी हे वर येतात, कधी ते. एकदा पान उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, ती लागते पान बदलताना. ही माहिती खरी आहे, आणि सांगतातही ते छान. फक्त त्याच दमात ते "गणपतीत चार्ज केलंय, अजून निम्मी बॅटरी आहे," असं सांगतात, दिवस दसऱ्यानंतरचे असतात, आणि ऐकणाऱ्याला हिशेब येत असतो. पान उलटतानाच वीज लागत असेल, तर उरलेली बॅटरी हा न उलटलेल्या पानांचाच पुरावा म्हणायचा. टक्क्यांचंही तसंच. पडद्याच्या कोपऱ्यात किती टक्के वाचून झालं ते दिसतं. "कितव्या पानावर आहात?" असं विचारलं तर गृहस्थ "छत्तीस टक्के" सांगतात, आणि पुष्कळ पुस्तकं तिथेच राहतात. दहावीला पस्तिसाला पास करणाऱ्या राज्यात त्यांना नावं तरी कोणी ठेवावीत?

यावर कोणी म्हणेल, ही तर नव्या वस्तूची नवलाई. नवा मोबाइल घेणाराही कॅमेऱ्याबद्दल डोकं खातो. खातो, पण महिनाभर. पुढचं मॉडेल आलं की तो आपला मोबाइल खिशातूनही काढत नाही. आमचे गृहस्थ सात वर्षांच्या, कोपरे झिजलेल्या यंत्राबद्दल त्याच उमाळ्याने बोलतात. आणि बोलणं यंत्रापासून निघालं तरी यंत्रापाशी संपत नाही; ते हमखास पुस्तकांच्या नावांवर येऊन टेकतं. "यात काय काय आहे सांगू?" हे वाक्य आलं की समजावं, इतका वेळ चालली होती ती प्रस्तावना. मग यादी येते. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली, तोवर ही यादी इंग्रजी होती आणि ऐकणाऱ्याची लवकर सुटका होई. आता नावं ओळखीची असतात, त्यामुळे मान हलवावी लागते. यादी म्हणजे तोंडाने दाखवलेली मुखपृष्ठंच, एकाच्या जागी चारशे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्रावर वाचणारे सगळे कुठे बोलतात? नाहीच बोलत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षरं बोराएवढी करून वाचणाऱ्या आजी पनवेलपासून मडगावपर्यंत मान वर करत नाहीत. यंत्राचं नाव विचारलं तर "नातवाने दिलंय" एवढंच सांगतात. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेलं जोडपं घ्या. तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांत भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि लोणचं बसवताना पहिली बाहेर निघतात ती पुस्तकं. सहा महिने परदेशात मराठी वाचायचं तर त्यांच्यापुढे दुसरी सोय नाही, आणि तिची खिल्ली उडवणारा माणूस कधी काट्यासमोर बॅग उघडून बसलेला नसतो. पण या मंडळींनी माझं म्हणणं खोडलं असं मला वाटत नाही. आजींनी आयुष्यात कधी पुस्तक समोरच्याला दिसावं म्हणून धरलं नाही. मुखपृष्ठ गेल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. ज्याचं काही गेलं, तोच बोलतो.

आता उरला शेवटचा मुद्दा: झाकलेलं असणं हीच तर या यंत्राची मजा. पूर्वी पिवळ्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालावं लागे, आणि कव्हर घातलंय यावरूनच आत काय आहे ते शेजाऱ्याला कळे. आता कोरी पाठ सगळ्यांचीच, म्हणून संशयही कोणाचा येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना गृहस्थांना समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. कर्जतला मागून इंजिनं लागतात, गाडी घाट चढू लागते, बोगद्यांमागून बोगदे येतात, आणि मघापासून समग्र अमुक आणि संपूर्ण तमुक यांची यादी सांगणारे गृहस्थ एकाएकी गप्प होतात. वडापावचं तेलकट बोट चुकून पडद्याला लागून चार पानं पुढे सरकली तर घाईघाईने मागे जातात. चहावाला दोनदा ओरडून जातो. बॅटरी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने उतरायला लागते. शेजाऱ्याने अशा वेळी "कोणतं चाललंय?" असं विचारू नये. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार बहुधा नुकताच खिडकीतून आत उतरलेला असतो.