उताऱ्याला वळसा

भाचा यंदा दहावीला. परवा मराठीच्या कृतिपत्रिकेतला अपठित उतारा सोडवत बसला होता. (प्रश्नपत्रिका म्हणायचं नाही. प्रश्न केव्हाच सुटले, आता कृती उरल्या.) मी सहज विचारलं, "काय म्हणणं आहे रे लेखकाचं?"

"तसं कुठे विचारलंय, मामा?"

खरंच नव्हतं विचारलं. आकृतिबंध होता, चौकटी होत्या आणि त्या त्यानं चार मिनिटांत भरल्याही. क्लासच्या सरांचा मंत्रच तसा आहे. आधी कृती वाचा, तिच्यातला शब्द उताऱ्यात हुडका, त्याच्या शेजारचा शब्द उचलून चौकटीत टाका. उतारा मात्र वाचायचा नाही, वेळ जातो. तिन्हीसांजेला चौकात कुणी लिंबू-नारळाचा उतारा ठेवला की आपण नाही का, नजर न टाकता वळसा घालून जात? तसंच.

मध्यवर्ती कल्पना विचारलीच, तर तीही तयार. उताऱ्यात झाड दिसलं की पर्यावरणाचं रक्षण, म्हातारा दिसला की ज्येष्ठांचा आदर.

"आणि म्हाताऱ्यानंच झाड तोडलं असेल तर?"

"मग दोन्ही लिहायचं."

80 गुणांच्या पत्रिकेत सगळं वाचून, समजून, एक तृतीयांशात मांडायला लावणारी कृती एकच: सारांशलेखन. तिला शेजारी पर्याय पत्रलेखनाचा. त्यामुळे पोरं रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांना रोपांची मागणी करून मोकळी होतात. एवढी रोपं खरोखर लागली असती तर महाराष्ट्राचं जंगल झालं असतं.

तेवढ्यात गावाहून आलेल्या आमच्या वडिलांनी पिशवीतून आपला उतारा काढला. सातबारा. शाळा चौथीत सुटलेली. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून सुरुवात केली: भोगवटादार, क्षेत्र, आकार, पोटखराबा, खाली पिकांची नोंद. एक रकाना गाळला नाही. मग बोट परत वर गेलं आणि 'इतर हक्क'वर थांबलं.

"कर्ज फेडून दोन वर्षं झाली. बोजा अजून तसाच आहे."

भाचा थक्क. "आजोबा, सगळा वाचलात? किती मार्कांचा आहे?"

"दीड एकराचा," वडील म्हणाले आणि कागदाची घडी घातली.