साडेचार तारे आणि निळा दिवा

घरात गाणी ऐकायला छोटे वायरलेस स्पीकर घ्यायचे म्हटले की आधी परीक्षणे वाचावी, पाहावी लागतात. माझी पहिली तक्रार तिथेच आहे. परीक्षण करणारा माणूस ज्या खोलीत बसलेला असतो, तशी खोली मी शिरूरमध्ये कुणाच्या घरी पाहिलेली नाही. भिंतींवर फोमचे चौकोन, खाली जाड गालिचा, दोन स्पीकर दोन स्टँडवर आणि त्यांच्या मागे दोन-तीन फूट मोकळी जागा. आमच्याकडे स्पीकर शोकेसमध्ये बसतो, कोनाड्यात बसतो, नाहीतर फ्रिजवर चढतो. खाली शहाबादी फरशी किंवा चकचकीत टाइल, वर स्लॅब किंवा पत्रा. बहुतेक छोट्या स्पीकरांना बेस वाढवण्यासाठी मागच्या बाजूला एक भोक ठेवलेले असते. ते भिंतीला टेकले की काय होते, हे परीक्षणात एका ओळीतही नसते.

आमच्या भागात बांधलेली खोली बहुतेकदा दहा बाय दहाची असते आणि उंचीही दहा फूटच असते. दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या जरा वर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्या हिशेबाने समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा खर्ज अडकून घुमत राहतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी असली की तिन्ही दिशांनी तोच खर्ज घुमतो. आवाजासाठी याहून वाईट माप शोधून सापडणार नाही, आणि नेमके तेच माप महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत असेल. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर तिथे ढबढब करतो. घेणाऱ्याला वाटते माल खराब निघाला, दुकानदार म्हणतो एकदा खोका फोडला की परत नाही. स्पीकर कोपऱ्यातून फूटभर पुढे ओढा, मागे उशी किंवा गोधडी ठेवा, एवढे कुणी सांगितले असते तर पैसे वाचले असते.

वॅटबद्दल तर मी आता वाचणेच सोडले आहे. एके काळी खोक्यांवर पीएमपीओ नावाने हजारो वॅट छापत. आज तो प्रकार कमी झालाय, पण परीक्षक अजूनही वीस वॅटवाल्यापेक्षा चाळीस वॅटवाल्याला दुप्पट मान देतात. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. दुप्पट मोठा वाटायला वॅट दहापट लागतात. स्पीकरच्या पाठीवर एक छोटी पाटी असते, तो विजेवर किती वॅट खातो ते तिच्यावर लिहिलेले असते. खातो त्याहून जास्त तो सतत बाहेर टाकू शकत नाही. परीक्षकाने खोका फोडायला घेतलेल्या वेळातून दहा सेकंद काढून ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरावी, इतकीच अपेक्षा आहे.

शिवाय तपासणी नेहमी पूर्ण आवाजात. खिडक्या हादरल्या म्हणजे स्पीकर चांगला. मोठ्या आवाजाची टंचाई आमच्या जिल्ह्यात कधीच नव्हती. लग्नसराईत आणि गणपतीत तो रस्त्यावर फुकट मिळतो. घरचा स्पीकर आम्हाला रात्री लागतो, सगळे झोपल्यावर, हळू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि शेजारधर्म तर त्याहून जुना आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणून जुन्या डेकवर 'लाउडनेस' नावाचे बटण असायचे. हळू आवाजात खर्ज थोडा उचलून द्यायचे त्याचे काम होते. नव्या छोट्या स्पीकरांपैकी कुणात तशी सोय आहे आणि कुणात नाही, हे मला आजवर परीक्षणातून कळलेले नाही. ते कळण्यासाठी परीक्षकाला रात्री साडेदहाला पंखा चालू ठेवून बसावे लागेल.

मग लावतात काय? 'हॉटेल कॅलिफोर्निया'. गाणे चांगलेच आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याने डग्ग्याबद्दल काय कळणार? चौफुल्याच्या कलाकेंद्रांतली ढोलकी ज्याने जवळ बसून ऐकली आहे, त्याला स्पीकरमधली ढोलकी पहिल्या थापेला कळते. आपली शाईची चर्मवाद्ये साध्या ढोलासारखी नाहीत. त्या शाईमुळे त्यांच्यातून सुसंवादी वरचे स्वर निघतात, आणि ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी एका सहकाऱ्यासह १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी त्यांनी तंबोऱ्याच्या जवारीवर लिहिले. तारेखाली सुताचा धागा सरकवला की एका तारेतून वरच्या स्वरांची सगळी रांग उभी राहते. आता छोट्या स्पीकरमध्ये खालचे आवाज मोठ्या शंकूतून आणि वरचे ट्विटरमधून येतात, आणि दोन्हींचा जोड साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतो. तंबोऱ्याचे वरचे स्वर त्या जोडावरूनच पलीकडे जातात. जोड नीट नसेल तर तंबोरा दोन ठिकाणांहून वाजल्यासारखा येतो, त्याचा एकसंध पडदा मध्येच फाटतो. इतकी स्वस्त, इतकी नेमकी कसोटी घराघरातल्या फोनमध्ये पडून आहे. पाच मिनिटे नुसता तंबोरा लावायचा. ते कुणी करत नाही. ॲक्टिव्ह स्पीकरचा खरा फायदा या जोडापाशीच असतो, कारण अस्सल प्रकारात प्रत्येक शंकूला स्वतःचा ॲम्प्लिफायर दिलेला असतो आणि आवाजाची वाटणी त्याच्या आधीच होते. पेटीत एकच ॲम्प्लिफायर बसवून तिलाही ॲक्टिव्ह म्हणून विकतात. कोणती पेटी कोणत्या प्रकारची, हे सांगणे परीक्षकाचे काम आहे.

विलंबित ख्याल लावला तर आणखी एक गोष्ट उघडकीला येईल. गायक षड्ज लावून थांबतो, आलाप अगदी हलका चाललेला असतो, आणि स्पीकर झोपतो. आपोआप बंद होण्याची ही सोय युरोपातून आली. उभ्या उभ्या वीज खाणाऱ्या उपकरणांवर युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम केला आणि २०१३ पासून, काम नसेल तेव्हा उपकरणाने स्वतःहून झोपले पाहिजे, अशी अट आली. हेतू योग्य आहे. अर्धा वॅट वर्षभर चालला तर साडेचार युनिटसुद्धा होत नाहीत, आणि तेवढ्यावर उपकरण आणले हे चांगलेच झाले. पण वायरने जोडलेल्या फोनचा आवाज कमी ठेवला असेल तर काही स्पीकरांना समोर गाणे चालू आहे हेच कळत नाही. ते वीस मिनिटांनी मिटतात. मग फोनवर आवाज वाढवायचा, स्पीकरने जागे व्हायचे, आणि जागे होईपर्यंतची दोन-तीन सेकंदे गेलेली असतात. समेवर येतानाचीच सेकंदे जातात, असा माझा अनुभव आहे. ही सोय बंद करता येते का? काहींत येते, एखादे बटण पाच सेकंद दाबून. ते माहितीपुस्तिकेच्या बारीक अक्षरात असते, परीक्षणात नसते.

दौंडला माझे मामा राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. घर रुळांपासून फार लांब नाही, त्यामुळे गाड्यांच्या आवाजाने त्यांची झोप मोडत नाही. स्पीकरने मोडते. वळवाच्या दिवसांत वारा सुटला की वीज जाते आणि रात्री केव्हातरी येते. ती आली की त्यांचा स्पीकर स्वतःहून चालू होतो आणि एक बाई इंग्रजीत, कुणी विचारलेले नसताना, खणखणीत आवाजात सांगते, 'पॉवर ऑन'. लगेच पुढे, 'ब्लूटूथ मोड'. तो आवाज कमी करता येत नाही. गाण्याचा आवाज शून्यावर असला तरी बाईचा तेवढाच. मामी दचकून उठतात आणि पुन्हा झोप लागेपर्यंत पहाटेची गाडी येते. मामांनी मला फोन करून विचारले, "अरे, ह्या बाईला गप्प करायची काही सोय आहे का? आणि तो निळा दिवा?" निळा दिवा हा वेगळाच छळ आहे. सबंध खोली निळी होते. मामांनी त्यावर चिकटपट्टी लावली आहे, चिकटपट्टीतूनही तो दिसतो. या मॉडेलची मी जेवढी परीक्षणे पाहिली त्या सगळ्यांत त्याला चार किंवा साडेचार तारे होते आणि दिव्याला 'प्रीमियम लूक' म्हटले होते.

वीज गेल्यावर बऱ्याच घरांत इन्व्हर्टर चालतो. साध्या, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर असलेले स्पीकर गुणगुणतात, स्विचिंग पुरवठ्याचे सहसा गुणगुणत नाहीत. उलट त्याच स्विचिंग पुरवठ्याने शेजारी ठेवलेल्या रेडिओवर खरखर येते, आणि ज्यांच्या घरी आकाशवाणीचे पुणे केंद्र अजून ७९२ किलोहर्ट्झवर लागते त्यांना ते चालत नाही. स्पीकर टीव्हीला जोडले आणि घूंऽ असा आवाज आला, तर दोष पुष्कळदा अर्थिंगचा आणि केबलच्या तारेचा असतो. अशा वेळी ऑप्टिकल वायर घ्यावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून घुमणे थांबते. टीव्हीला ब्लूटूथने जोडू नये, ओठ आधी हलतात आणि संवाद मागाहून येतो. हे सगळे मला वायरमनने आणि एका केबलवाल्या मुलाने सांगितले. परीक्षकांनी सांगितले ते ब्लूटूथवरच्या एलडॅकबद्दल, त्याच्या सेकंदाला ९९० किलोबिटबद्दल. जी जुनी नाट्यगीते आम्ही यूट्यूबवर ऐकतो ती मुळात त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात येतात, आणि त्यातली बहुतेक मोनो आहेत.

जोडीतला मुख्य स्पीकर बहुतेक वेळा उजवाच का असतो? वीज, वायरी, बटणे सगळी उजव्यात. आमच्या घरी प्लग डावीकडे आहे. दोन पेट्यांमधली वायर एवढी आखूड की मध्ये खिडकी आली तर पुरत नाही. आवाजाचे बटण मागच्या बाजूला. ते ज्यांनी तिथे बसवले त्यांच्या घरी स्पीकर भिंतीला लागत नसावेत. रिमोट पातळ पत्त्यासारखा, त्याचा गोल सेल न्हावऱ्यात मिळेलच असे नाही. आणि मोबाइलचे ॲप उघडले की ते आधी खाते मागते, मग ठिकाण मागते. आई सत्तरीच्या पुढे आहे, तिला भजन लावायचे आहे. तिच्यासाठी आम्ही शेवटी कारवान आणला. २०१७ मध्ये तो आला तेव्हा पाच हजार गाणी आत भरलेला, बटणांचा रेडिओ म्हणून त्याकडे जाणकारांनी फारसे पाहिले नाही. आई तो स्वतः लावते, स्वतः बंद करते.

दौंड तालुक्यात केडगाव, यवत, पाटसच्या पट्ट्यात गुऱ्हाळे चालतात. हंगामात काजळी हवेत असते, खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळी फरशीवर बोट फिरवून रेघ काढता येते. व्हिडिओत स्पीकर देखणे दिसावेत म्हणून पुढची जाळी काढून ठेवतात, वरचा भाग पियानोसारखा काळा चकचकीत. या पट्ट्यात जाळी काढलेला स्पीकर महिन्याभरात काळवंडतो, आणि शंकूवर ओले फडके फिरवायचे की नाही हे कुणाला माहीत नसते. फिरवू नये. मऊ, कोरड्या ब्रशने झटकावे.

सर्वांत मोठे दुखणे दुरुस्तीचे. शिरूर ते पुणे सत्तर किलोमीटरच्या आत-बाहेर, त्यात वाघोलीची कोंडी. टेपरेकॉर्डर होते तेव्हा शिरूरच्या बाजारपेठेतच बेल्ट, हेड, शंकू बदलून मिळायचे. नाही मिळाले तर पुण्यात तपकीर गल्लीत हमखास. आता पेटी उघडली की आत एकच पाटी, तिच्यावर ॲम्प्लिफायर, ब्लूटूथ, सगळे एकत्र. ब्लूटूथ गेले तर अख्खी पाटी गेली. सेवाकेंद्रवाले म्हणतात स्पीकर मूळ खोक्यात घालून पाठवा. दहा बाय दहाच्या घरात मूळ खोके जपून ठेवायचे कुठे, हे ते सांगत नाहीत. परीक्षण मात्र वस्तू हातात आल्यापासून आठवड्याच्या आत होते आणि त्यात 'टिकाऊ' हा शब्द असतो. वर्षभराने तोच परीक्षक तोच स्पीकर घेऊन पुन्हा आलेला मी पाहिलेला नाही.

परीक्षकांना माझी विनंती आहे. तुमचे मोजमाप, तुमचे आलेख चालू ठेवा, त्यांचा उपयोग होतो. पण एक स्पीकर दौंडला किंवा शिरूरला, कुणा नातेवाइकाच्या घरी, पावसाळाभर ठेवा. वीज आली-गेली की तो काय करतो ते लिहा. बोलणारी बाई बंद होते का आणि दिवा मालवतो का, ते पहिल्या परिच्छेदात लिहा. बटण पुढे आहे का, वायरीची लांबी, सुटे भाग पुण्यात कुठे मिळतात, हे लिहा. तारे त्यानंतर द्या. आणि वाचकांना एवढेच सांगतो की घेण्याआधी दुकानात पाच मिनिटे तंबोरा लावायला सांगा, अगदी हळू आवाजात. दुकानदार लावू देत नसेल तर तिथून घेऊ नका.